शलाकाची पहिली आठवण

केळवणाच्या जेवणानंतर नवरीची पहिली आठवण सगळ्यांना ऐकवायची, ही पद्धत आता घरोघरी रूढ झाली होती. शलाका सातव्या महिन्यात जन्मलेली, काचेच्या पेटीत वाढलेली. म्हणून तिच्या आईने तेव्हा तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. मंदाकिनी खानोलकरांना आग्रहाने बोलावून मानाच्या खुर्चीवर बसवलं होतं.

शलाकाने आठवणी ऐकवणाऱ्या यंत्राची पट्टी कपाळाला बांधली. आधी नुसती खरखर झाली आणि मग एक हळुवार आवाज आला, "झालं हं बाळा, झालं!"

"अगंबाई, हा तर तुमचाच आवाज!" आईने पदर डोळ्यांना लावला. "किती मायेनं सांभाळलंत हो माझ्या लेकीला!"

डॉक्टरबाईंना मान वर करवेना. तेव्हा त्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वेदनेवर संशोधन करत होत्या. गोडाने दुखणं कमी होतं का हे पाहायला, रक्तासाठी टाचेला सुई टोचताना निम्म्या बाळांच्या जिभेवर साखरपाणी सोडायचं, निम्म्यांच्या साधं पाणी. शलाकाच्या वाट्याला साधं पाणी आलं होतं. आणि ‘झालं’ हे बाई सुई टोचायच्या आधी म्हणायच्या, नंतर कधीच नाही.

"गंमत सांगू?" शलाका हसत म्हणाली. "कुणी ‘झालं हं’ म्हटलं की माझी टाच अजून आखडते. असं का हो होत असेल?"

ही बाळं काही लक्षात ठेवत नाहीत, असं बाईंनी आपल्या प्रबंधात ठामपणे लिहिलं होतं.

शलाका नमस्काराला वाकली, तसे बाईंनी आपले पाय झटकन खुर्चीखाली ओढून घेतले.