पिल्लाचा आवाज

उत्तरेकडच्या बर्फाळ जंगलात लांडगे बघायला गेलो होतो. गाईडने बजावलं होतं, "पिल्लाचं रडणं फोनवर वाजवून आईला फसवायचं नाही." माझ्या नवऱ्याने, रुचिरने, फोटोसाठी वाजवलंच. लांडगीण बर्फ तुडवत धावत आली आणि वेड्यासारखी पिल्लू शोधत राहिली. हा खो खो हसला.

आज दुपारी, सिंगापुरातल्या पुंगोलच्या आमच्या फ्लॅटबाहेर, जिन्यातून आमच्या लेकीचा, ईशाचा, इथल्या इंग्रजी बोलीतला रडवेला आवाज आला. "बाबा, कम लाह!"

आतल्या खोलीतून ऑफिसचा कॉल अर्धवट टाकून रुचिर अनवाणीच बाहेर धावला.

ईशा माझ्या मांडीवर गाढ झोपली होती. त्याला थांबवता आलं असतं. मी मुद्दाम गप्प बसले.

"ईशा! कुठे आहेस, बाळा?" त्याचा आवाज खाली खाली जात राहिला.

मग खालून कुणीतरी खो खो हसलं. अगदी त्याच्यासारखं.