सहा सह्या

कंपनीच्या वकिलाने ग्राहक न्यायालयाच्या टेबलावर सहा कागद मांडले. प्रत्येकाखाली माझी सही होती. "गाडी दुरुस्त मिळाली, समाधान झालं, असं आजोबांनी सहा वेळा लिहून दिलंय. मग कंपनीने ती परत का घ्यायची?"

नवी गाडी माझ्या लेकीची, वैजूची. ती शाळेत शिकवायला जायची, म्हणून वर्कशॉपला मी जायचो. आता शेजारी बसून तिने हळूच विचारलं, "आबा, वाचलं नव्हतंत?" मला मान वर करवेना.

बासष्टाव्या वर्षी तिनेच मला अक्षरं शिकवली. वर्कशॉपमधली मुलगी माझ्याकडे बघून अंगठ्यासाठी शाई शोधायची, तेव्हा मी खिशातलं पेन काढून ऐटीत सही ठोकायचो. वाचायला मला वेळ लागतो, तो तिला दिसायला नको होता.

"आजोबा, आता वाचा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

सगळ्यांसमोर मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "त...क्रार. तक्रार. गाडी... चा...लता चालता... बंद पडते." कान तापले. दुसऱ्या कागदावरही पहिली ओळ तीच निघाली. तिसऱ्यावरही. अध्यक्षबाई लिहून घेऊ लागल्या.

"मॅडम, यात फार वेळ जातोय," म्हणत वकील कागद गोळा करू लागला.

"जाऊ द्या. एकच बिघाड किती वेळा झाला, ते मला ऐकायचंय. आजोबा, पुढचा."

वैजूने चौथा कागद माझ्यापुढे सरकवला. मदतीसाठी तिच्याकडे न बघताच मी ओळीवर बोट ठेवलं.