होडी उलटवताना

मैत्रीनं आईला चालण्यावरूनच ओळखलं. धरणाच्या काठाचा उतार ती जवळजवळ धावत उतरत होती, आणि तिच्यामागून हातात हेल्मेट घेतलेला संजयमामा.

मैत्रीची होडी तेव्हा काठापासून बरीच आत होती. एका माणसापुरती, एका शिडाची. जरा पलीकडे मोटरबोटीत प्रशिक्षक श्यामसुंदर सर उभे होते. परीक्षा देऊन झालेली मुलंमुली ओल्या कपड्यांनी काठावर उन्हात बसली होती. मैत्री धरून या सगळ्यांतल्या दोघांना गोव्याहून सुटणाऱ्या तीन डोलकाठ्यांच्या जहाजावर महिनाभर राहायला मिळणार होतं. डोलकाठीवर चढायचं, शिडं सोडायची, आवळायची, रात्री सुकाणू धरायचं, सगळं शिकायला मिळणार होतं. सरांची अट एकच होती. आपली होडी आपण उलटवायची आणि कुणाच्या मदतीशिवाय सरळ करायची.

"मैत्री!" मामाचा आवाज पाण्यावरून स्वच्छ आला. "हाच का तुझा स्वारगेटचा कम्प्युटर क्लास? वा! बरंच ओलं शिकवतात की!"

काठावरची मुलं हसली. आई हसली नाही. पाण्याच्या कडेशी येऊन ती थबकली, समोर भिंत असल्यासारखी. मैत्रीचा थोरला भाऊ तेजस मित्रांबरोबर याच पाण्यात उतरला होता आणि परत आला नव्हता. तेव्हापासून धायरीच्या त्यांच्या घरात धरणाचं नावही कुणी काढत नसे. मैत्री पोहायला शिकली तीसुद्धा चोरून, येरवड्याला मावशीकडे राहायला गेल्यावर.

"आधी बाहेर ये!" आई ओरडली. "आत्ताच्या आत्ता!"

सरांनी मोटरबोट जवळ आणली. "आई आल्यात तुझ्या. काठाला लाव होडी. परीक्षेचं मग बघू."

"मग नाही होणार, सर. आज बाहेर पडले तर ती मला परत इथं पाऊल टाकू देणार नाही."

सरांनी एकदा काठाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "एकोणीस वर्षांची आहेस तू. उलटव, असं मी सांगणार नाही." त्यांनी मोटरबोट जरा मागे घेतली. "उलटवू नको, असंही सांगणार नाही."

मैत्री उभी राहिली. होडी डुगडुगली. काठावर आईचा हात आपोआप पुढे आला.

"आई!" मैत्री सगळा जीव एकवटून ओरडली. "दादाला पोहता येत नव्हतं! कुणी शिकवलंच नव्हतं त्याला! मला येतं!"

आईचा हात खाली आला.

मैत्रीनं डोलकाठी दोन्ही हातांनी धरली आणि सगळं वजन एका अंगाला टाकलं. शीड कलंडलं, आभाळ फिरलं, आणि थंडगार पाणी नाकातोंडात गेलं.

वर आली तर डोक्यावर शीड. ओलं, जड, चेहऱ्याला चिकटलेलं. उजेड नाही, श्वास घ्यायला जागा नाही. एक क्षण तिला वाटलं, दादाला असंच झालं असेल. हातपाय झाडावेसे वाटले. तिनं ते झाडले नाहीत. शिडाची शिवण बोटांना लागली, ती धरून ती सरकत राहिली, आणि कडेला आल्यावर डोकं बाहेर काढून तिनं घशात आवाज होईल इतका मोठा श्वास घेतला.

होडी आडवी पडली होती. पोहत ती पलीकडे गेली आणि तळाला बसवलेल्या, आता आडव्या झालेल्या फळीवर चढली. होडीची वरची कड धरून मागे झुकली. शीड पाण्यातून वीतभर उचललं गेलं. तेवढ्यात पाय घसरला आणि ती पाठीवर पाण्यात आपटली.

मोटरबोटीचा आवाज जवळ आला. सरांनी हात पुढे केला.

"हात लावू नका!" ती खोकत ओरडली. "सर, लांब जा! कुणी हात लावायचा नाही!"

सरांनी हात मागे घेतला.

ती पुन्हा फळीवर चढली. या खेपेला घाई केली नाही. पाय रोवले, हात ताठ केले आणि मागे झुकून नुसती लोंबकळत राहिली. दंड थरथरायला लागले. पायाखाली फळी किंचित हलली. मग शिडानं पाणी सोडलं, आधी हळूहळू आणि मग एकदम, आणि पाण्याचा पडदा झाडत डोलकाठी आभाळात उभी राहिली. मैत्री होडीत पोटावर पडली. काठावर कुणीतरी शिट्टी मारली.

तिनं होडी वळवली ती आईच्या दिशेनं. आता पळायचं नव्हतं. थप्पड बसेल हे तिनं धरलंच होतं. बसू दे. जहाजावर मी जाणारच, हे वाक्य तिनं तोंडात तयार ठेवलं होतं.

आई गुडघ्यांच्याही वर पाण्यात उभी होती. कधी उतरली कोण जाणे. साडी ओली होऊन अंगाला चिकटली होती. मागून मामा दंड धरून तिला काठाकडे ओढत होता. होडी जवळ आली तसा आईनं मामाचा हात झटकला. पदर कमरेला खोचला. होडीची कड पकडली, आणि मुलीचं ओलं, हट्टी तोंड ती बघत राहिली.

"मी डोळे मिटून घेतले होते," ती म्हणाली. "पुन्हा उलटव."