केरबातात्यांचं काम

अण्णा गेले आणि धाकट्या बहिणीचं लग्न अंजनावर येऊन पडलं. ज्याला जे जमतं तेच काम त्याला द्यायचं, ही वडिलांची रीत तिनं धरून ठेवली. आखडत्या हाताची मनुबाई रेशनच्या साखरेवर बसली, खणखणीत आवाजाचा गुंडा पंगतीवर. चुलते केरबातात्या तेवढे मोकळे राहिले, कारण कुठल्याही लग्नात रुसून बसण्यापलीकडे त्यांना काही येत नसे.

मुहूर्त तोंडावर आला आणि नवरदेवाचे मामा आहेराचा फेटा फिका मिळाला म्हणून रुसून एसटी स्टँडकडे चालू लागले. मामांशिवाय नवरदेव बोहल्यावर चढेना. अंजनानं केरबातात्यांना मामांच्या मागं धाडलं.

आई घाबरली. "अगं, त्यास्नी कुणाची समजूत काढता येती व्हय?"

"न्हाई येत," अंजना म्हणाली.

घटकाभरानं मामाच धापा टाकत मांडवात शिरले. "पोरी, कुणीतरी चला लवकर. तुमचं तात्या स्टँडावर रुसून बसल्यात. लग्नाला येत न्हाई म्हंत्यात. मी पाया पडलो, तरी उठंनात."

अंजनानं मामांना बोहल्यापाशी उभं केलं आणि वाजंत्र्यांना खूण केली.