काढलेल्या फुटपाथची कड

थायलंडमधल्या लाम्पांगच्या पेठेतला फुटपाथ काढून रस्ता एकसपाट केला, तेव्हा सर्वांत खूश झाली नूडलवाली मालीवान. आता तिथे सकाळी बाकडी आणि संध्याकाळी खाऊच्या गाड्या. पण पालिकेची अट होती: जिला आपली गाडी एकटीने हलवता येईल, तिलाच जागा. फुटपाथवर गाडी चढवायला केळी तळणाऱ्या प्रानीची रोज करावी लागणारी मनधरणी संपली, तिचे टोमणेही संपले.

पहिल्याच संध्याकाळी मात्र जुनी कड होती त्या जागी जो तो पायरी चढावी तसा पाय उचलून टाकत होता.

"सवय गं, मालीवानताई," प्रानी म्हणाली.

"आणि ते पहिल्यांदाच आलेले बँकॉकचे पाहुणे? त्यांनाही सवय?"

प्रानीने कढईतली केळी उलटली.

तेवढ्यात आंधळा लॉटरीवाला आला. त्याची काठी कडेवर टक्कन वाजली. "काय मावशी, फुटपाथ काढणार होते ना? का नुसतेच पैसे खाल्ले?"

दोघी हसल्या, पण जरा उशिराच.

मग जागा ठरवून द्यायला आलेल्या पालिकेच्या माणसासमोर मालीवानने गाडी ढकलली. ती कडेपाशी अडली. प्रानी हात लावायला उठली.

"एकटीने, बाई," तो म्हणाला.

मालीवानने सगळा जोर लावला. पुढची चाकं चढली. पातेल्यातला रस्सा तिच्याकडे कलला, आणि त्या सपाट रस्त्यावर तिने हात सोडले तरी कललेलाच राहिला.