पढवलेलं उत्तर

झाई गावच्या शाळेत नव्या आलेल्या जयमालाबाई पोरांना विचारतात म्हणे, घरी काय जेवता, कोण काय पितं, कोण कोणाशी कसं वागतं. त्याला आरोग्याचा तास म्हणतात! देवजीच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. दारूबंदीच्या दिवसांत कोण काय पितं, याची चौकशी पोलिसांशिवाय कोण करणार? ही बाई फौजदारानेच पेरलेली.

त्याने दारूचा डबा सुक्या बोंबलांच्या ढिगाखाली सारला आणि लेकीला, चंद्राला, समोर बसवलं.

"बाईंनी विचारलं तर काय सांगशील?"

"माझा बाबा थेंबभरही पीत नाही."

"शाबास!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाईच दारात उभ्या. मागे खाकी कपडे नाहीत ना, हे देवजीने आधी पाहून घेतलं. त्याच्या बायकोने, वेणूने, गालावर पदर ओढला आणि ती आत गेली.

"तुम्ही दारूला शिवत नाही, असं चंद्रा म्हणाली," बाई म्हणाल्या.

"मग? माझी पोर खोटं कशाला बोलेल?"

"तेच विचारायला आले. आज मी वर्गात सांगत होते, दारू प्यायली की माणसाची शुद्ध हरपते, मग तो घरच्यांवर हात उगारतो. तर ही ताडकन उभी राहिली. म्हणाली, बाई, माझा बाबा थेंबभरही पीत नाही. तो आईला मारतो, ते शुद्धीवर असतानाच."