चालण्याचं तिकीट

"हे तुम्हाला कुणालाच खरं वाटणार नाही," निवृत्त कंडक्टर तात्या सभागृहात उभे राहत म्हणाले, "पण शेवटच्या थांब्यावर उतरून टेकडीवरच्या आमच्या वस्तीकडे रोज तीनशे माणसं पायी जातात. इतकी चेंगराचेंगरी, की परवा मी चालायचीसुद्धा तिकिटं फाडली. दोघं विनातिकीट चालताना सापडले!"

सभागृह खदखदून हसलं. नियोजन अधिकारी बाईंनाही हसू आवरेना. त्यांच्या पुढ्यातल्या कागदावर आकडा होता अकरा. त्यांची माणसं दोन दिवस थांब्यावर खुर्च्या टाकून बसली होती. बसमधून उतरून वस्तीकडे चालत गेले ते अकरा जण. निधी एकाच मार्गापुरता आलेला. बस एक तर टेकडीवर चार किलोमीटर पुढे जाणार, नाही तर नव्या बाजाराकडे वळणार. निकाल आजच लागायचा होता.

"वस्तीतल्या कुणाला काही सांगायचंय?" बाईंनी तीनदा विचारून झालं होतं. मागच्या रांगेतल्या बायका मूग गिळून बसलेल्या. चारचौघांत मागणं त्यांना कधी जमलंच नाही. तात्यांची थाप खोडून काढणं मात्र छान जमायचं. तीस वर्षं तात्यांनी बसमध्ये थापा मारल्या आणि तीस वर्षं याच बायकांनी त्या सीटवरून ओरडून खोडल्या. तात्यांचा सगळा भरवसा त्यावरच होता.

त्याच रांगेत त्यांची सून होती. शिवण कारखान्यातलं जिवापाड आवडीचं काम तिनं चार महिन्यांपूर्वी सोडलं. म्हणाली, डोळे दुखतात. घरी मात्र सुईत दोरा एका झटक्यात ओवायची. जन्मभर थापा मारलेल्या माणसाला दुसऱ्याची थाप लगेच कळते. खरं कारण तात्यांनी केव्हाच ओळखलं होतं, पण ते त्यांच्या तोंडून निघणारं नव्हतं.

"आणि संध्याकाळी तर काय वर्णावं!" तात्यांनी आवाज चढवला. "पोरीबाळी एकट्यादुकट्या गाणी म्हणत वर जातात. वाटेवर नुसती जत्रा!"

"साफ खोटं!" सून ताडकन उठली. "दिवस कलला की त्या वाटेवर चिटपाखरू नसतं."

"माझ्या मुलीनं त्या वाटेपायी कॉलेज सोडलं!" शेजारची बाई उठली.

"मी दवाखान्यातली नोकरी सोडली. तात्या, काहीच्या बाही काय सांगता?"

बघता बघता अख्खी रांग उभी राहिली. बाईंचं हसू मावळलं. त्यांच्या माणसांनी चालणारे मोजले होते. चालणंच सोडून घरी बसलेल्यांना थांब्यावरच्या खुर्चीतून कोण मोजणार? त्यांनी अकरावर काट मारली, कोरा कागद पुढे ओढला आणि सुनेकडे पाहिलं.

"तुमच्यापासून सुरू करते. काम का सोडलंत?"

"लिहा, भीतीपोटी," तात्या घाईघाईनं बोलून गेले.

"हेही खोटं, बाबा!" सून म्हणाली. "भीती कसली? दोन वर्षं रोज संध्याकाळी तुम्ही मला न्यायला थांब्यावर हजर असायचात. दर दहा पावलांवर गुडघा धरून थांबायचात, आणि वर मलाच सांगायचात, सहज फिरायला आलो होतो म्हणून!"